किटली टेबलावर टेकली

शाळेत असताना एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा आपल्यापैकी पुष्कळांनी दिली असेल. टेबलावर एक तांब्या, एक वांगे, एखादे जाडजूड पुस्तक, मागे सुरकुत्या पाडून टांगलेली चादर आणि भोवती अर्धगोलात बसलेली, एक डोळा मिटून पेन्सिलीने मापे घेणारी मुले. वस्तुचित्राचा पेपर. बहुतेकांचा चित्रकलेशी असलेला संबंध तिथेच संपतो. मनात एक समज मात्र कायमचा बसतो, की वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र हा शिकाऊ पोरांचा प्रकार आहे आणि खरा चित्रकार माणसे काढतो, निसर्ग काढतो.

आज ज्या चित्रकाराबद्दल बोलायचे आहे तो तांब्या-वांग्यांपाशीच चित्रकला शिकला. नाव सर्वांच्या परिचयाचे आहे, व्हिन्सेंट व्हॅन गॉग. परिचयाचे म्हणजे काय, तर कान कापून घेणारा, वेडाच्या भरात चित्रे काढणारा, जिवंतपणी उपेक्षित राहिलेला. आयर्व्हिंग स्टोन यांची १९३४ मधली ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा १९५६ चा चित्रपट, यांनी ही प्रतिमा घरोघर पोहोचवली. या प्रतिमेत एका गोष्टीला जागाच उरत नाही. ती गोष्ट म्हणजे, हा माणूस शिकला. कुणीतरी त्याच्या चित्रातल्या चुका दाखवल्या, तो चिडला, भांडला आणि पुढच्या चित्रात त्या सुधारल्या. वेडाच्या झटक्यात रचना साधत नाही. ती शिकावी लागते.

मी कवी आहे, चित्रकार नाही. पण उर्दू शायरीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ‘इस्लाह’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागीर्दाने गझल लिहून उस्तादासमोर ठेवायची, उस्तादाने एखादा शब्द बदलायचा, एखादा शेर उडवायचा, क्वचित मान डोलवायची. मिर्झा गालिब यांच्याकडची इस्लाह तर टपालाने चाले. मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’ यांच्यासारखे शागीर्द गझला पाठवत आणि दिल्लीहून पत्राने दुरुस्त्या जात. गालिब १८६९ च्या फेब्रुवारीत गेले. त्याच वर्षी तिकडे हॉलंडमध्ये सोळा वर्षांचा व्हिन्सेंट हेग शहरात चित्रांच्या एका व्यापारी पेढीत नोकरीला लागला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे कबूल. पण व्हिन्सेंटची पत्रे वाचताना मला पुन्हा पुन्हा गालिबच्या डाकेची आठवण होते. यालाही इस्लाह टपालानेच मिळत होती.

ही पत्रे आज सर्वांना खुली आहेत. थिओ या धाकट्या भावाची पत्नी योहाना हिने १९१४ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. पुढे २००९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने सगळा पत्रव्यवहार नव्याने संपादित केला. एकूण ९०२ पत्रे. त्यांतली ८१९ त्याने लिहिलेली आणि ८३ त्याला आलेली. थिओची सुरुवातीच्या वर्षांतली पत्रे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे थिओ काय म्हणाला हे व्हिन्सेंटच्या उत्तरावरून ताडावे लागते. शेजारच्या खोलीत कुणी टेलिफोनवर तावातावाने बोलत असावे आणि पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येऊ नये, तसे हे वाचन आहे.

१८८१ चा नोव्हेंबर संपत आला होता. व्हिन्सेंट अठ्ठावीस वर्षांचा. चित्रांच्या पेढीतली नोकरी जाऊन पाच वर्षे झालेली. त्यानंतर इंग्लंडात शिक्षकी, मग पुस्तकाच्या दुकानात कारकुनी, मग बेल्जियमच्या कोळसा खाणींत धर्मोपदेश, सगळे करून झालेले. पदरी काही नाही. पोटापाण्याचा भार हळूहळू थिओवर आलेला. अशा वेळी तो चित्रांची गुंडाळी घेऊन हेगला अँतोन मॉवकडे गेला. मॉव त्या काळचा नावाजलेला चित्रकार, आणि त्याची बायको व्हिन्सेंटच्या आईकडच्या नात्यातली बहीण.

मॉवने चित्रे पाहिली आणि पहिली गोष्ट सांगितली ती इतकी साधी आहे की हसू यावे: तू वस्तूच्या फार जवळ बसतोस. जवळ बसले की प्रमाण चुकते, मापे घेता येत नाहीत. मग त्याने व्हिन्सेंटसमोर जुने लाकडी जोडे आणि आणखी काही वस्तू मांडल्या, हातात तैलरंग दिले आणि रंगवायला बसवले. त्या दिवसांतले ‘कोबी आणि लाकडी जोडे’ हे चित्र ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. कागदावरचे, तपकिरी, मंद. पुढच्या व्हॅन गॉगचा त्यात मागमूस नाही. पण कोबी कोबीसारखा गोल आहे आणि जोडे जमिनीवर नीट बसलेले आहेत. तैलरंग हातात घेतलेल्या माणसासाठी हे पुष्कळ झाले.

उस्ताद आणि शागीर्द यांचे फार दिवस पटले नाही. पुढच्याच वर्षी मॉवने त्याला प्लास्टरच्या हातापायांवरून रेखाटने करायला सांगितले. व्हिन्सेंटने ते हातपाय कोळशाच्या पेटीत घालून फोडले. जिवंत माणसांचे हातपाय दिसेनासे झाले की मग प्लास्टरकडे वळेन, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. त्यातच त्याने एका निराधार, गरोदर स्त्रीला घरात आसरा दिला आणि नातेवाइकांबरोबर मॉवही दुरावला. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने प्लास्टर फोडले, पण अंतर राखून बसण्याचा धडा फेकून दिला नाही. सगळेच ऐकणारा शागीर्द आणि काहीच न ऐकणारा शागीर्द, दोघेही अखेर कोरडेच राहतात असे मी पाहत आलो आहे. याच्याकडे चाळणी होती.

१८८३ च्या डिसेंबरात तो न्यूननला आई-वडिलांच्या घरी परतला. न्यूनन म्हणजे विणकर आणि शेतकऱ्यांचे खेडे, वडील तिथले धर्मोपदेशक. इथली एक मजेची गोष्ट म्हणजे हाच माणूस तिथे मास्तर झाला. जवळच्या आइंडहोवन गावातल्या तीन हौशी मंडळींना तो चित्रकला शिकवू लागला. त्यांत एक सोनार होता आणि एक चामडे कमावणारा. सोनाराकडे जुने रांजण, बरण्या, सुरया होत्या; त्याच मांडून गुरू आणि शिष्य दोघेही रंगवत. फी पैशांत नाही, रंगाच्या नळ्यांत. त्याने या मंडळींना आधी स्थिरचित्रेच काढायला लावली. म्हणजे ज्या मॉवशी भांडला त्याचाच धडा त्याने पुढे दिला.

आता १८८५. या एका वर्षात जितके घडले तितके त्याच्या आयुष्यात फार थोड्या वर्षांत घडले असेल. मार्चच्या २६ तारखेला वडील अचानक गेले. एप्रिल-मे महिन्यांत त्याने आपले आजवरचे सर्वांत मोठे काम पुरे केले, ते म्हणजे ‘बटाटे खाणारे’. दिव्याच्या उजेडात टेबलाभोवती बसलेले शेतकरी कुटुंब. न सोललेल्या, मातीने माखलेल्या बटाट्याचा रंग त्याला सगळ्या चित्राला हवा होता. या चित्राची त्याने शिळाछापाची प्रतही केली आणि अँथन व्हान राप्पार्ड या चित्रकार मित्राला पाठवली. पाच वर्षांची मैत्री होती ती.

राप्पार्डचे उत्तर २४ मेचे. व्हिन्सेंटला आलेल्या ज्या थोड्या पत्रांचा मजकूर आपल्याला ठाऊक आहे, त्यांतले हे एक. आणि मला विचाराल तर कलेच्या इतिहासातल्या निर्दय अभिप्रायांत त्याचा नंबर बराच वरचा लागावा. उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसे का नाहीत? की ती त्याच्या पाठीत आहेत? त्याचा हात वावभर आखूड का? आणि मग एक प्रश्न किटलीचा. कॉफी ओतणाऱ्या बाईच्या हाताचा, टेबलाचा आणि किटलीचा एकमेकांशी संबंध काय? ती किटली टेबलावर टेकलेली नाही, हाताने उचललेलीही नाही. मग ती तिथे करते काय?

पत्र वाचून व्हिन्सेंटने ते तसेच परत पाठवले. पुढे काही महिने पत्रापत्री झाली, शब्द मागे घे असा आग्रह झाला आणि मैत्री संपली. राप्पार्डचा सूर वाईटच होता. मित्राला असे लिहू नये, विशेषतः ज्याचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले आहेत अशा मित्राला. पण किटलीबद्दल तो चुकला होता का? चित्र समोर ठेवून पाहा. स्थिरचित्रात पहिली अट हीच, की वस्तूला टेकायला जागा हवी आणि तिचे वजन त्या जागेला जाणवायला हवे. व्हिन्सेंटनेही शिळाछाप एका दिवसात, आठवणीवरून केला होता असे मान्य केले. पत्रातला व्हिन्सेंट हार मानत नाही. पण त्याच्या पत्रांवरून त्याचा अंदाज बांधणाऱ्याने त्यानंतरची चित्रेही शेजारी ठेवायला हवीत.

त्या सप्टेंबरात योगायोगाने तो स्थिरचित्राकडेच ढकलला गेला. त्याच्यासमोर चित्राला बसणारी गावातली एक मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली. संशय व्हिन्सेंटवर आला. त्याने तो नाकारला. गावच्या कॅथलिक धर्मगुरूंनी लोकांना त्याच्यासमोर बसू नका असे बजावले, उलट न बसण्यासाठी पैसे देऊ केले, असे तो लिहितो. माणसे मिळेनाशी झाली. मग बटाटे, सफरचंदे, तांब्याची भांडी आणि पाखरांची घरटी त्याच्यासमोर आली. घरट्यांचा त्याच्याकडे संग्रहच होता.

बटाट्यांच्या एका मोठ्या चित्राबद्दल त्याने थिओला लिहिले आहे, की बटाट्यांना शरीर यावे असा माझा प्रयत्न आहे. कुणी फेकून मारला तर लागेल इतका तो गोळा जड आणि घट्ट वाटला पाहिजे. हे वाचले आणि मला राप्पार्डची ती फुप्फुसे आठवली. माणसांना शरीर नाही म्हणून मित्राने टोमणा मारला होता, आणि चार महिन्यांनी हा गडी टोपलीभर बटाट्यांना शरीर देत बसला होता. हा राप्पार्डला दिलेला जबाब आहे असे त्याने कुठे लिहिलेले नाही. हे वाचन माझे. पण ज्याने आपल्या ओळीवरची फुली एकदा पाहिली आहे त्याला असे जबाब ओळखू येतात.

घरट्यांच्या चित्रांत त्याने मागची बाजू चक्क काळी ठेवली. कारणही सांगितले. घरटे झाडावर असते तेव्हा आपण घरटे पाहत नाही, पाखरे पाहतो. टेबलावर आणलेले घरटे निसर्गातले उरत नाही. मग ते तसे असल्याचे सोंग कशाला? काळी पार्श्वभूमी म्हणजे त्याने दिलेली कबुलीच होती, की ही मांडलेली वस्तू आहे. रचनेचा इतका नेमका विचार करणारा माणूस झटक्यात चित्रे काढत होता, असे म्हणवत नाही.

पण काळ्या रंगावरून दुसरे भांडण पेटलेले होते, पॅरिसच्या थिओशी. थिओ पॅरिसमध्ये चित्रांच्याच धंद्यात. महिन्याला दीडशे फ्रँकच्या आसपास रक्कम तो पाठवी आणि १८८४ पासून त्या बदल्यात व्हिन्सेंटची चित्रे त्याच्या मालकीची होत. हे व्हिन्सेंटनेच सुचवले होते. त्याला धर्मादाय नको होता, मोबदला हवा होता. पण थिओ ती चित्रे विकू शकत नव्हता. तुझी चित्रे फार काळोखी आहेत, इथे आता उजळ रंगांचे दिवस आहेत, असे त्याचे म्हणणे. व्हिन्सेंट उलट पुरावे देई. ऑक्टोबर १८८५ मध्ये तो ॲमस्टरडॅमला जाऊन आला. तिथले राष्ट्रीय संग्रहालय त्याच वर्षी नव्या इमारतीत उघडले होते. परतल्यावर त्याने लिहिले, की एकट्या फ्रान्स हाल्सकडे सत्तावीस काळे आहेत.

त्याच महिन्यात थिओने पत्रातून एदुआर मानेच्या एका अभ्यासचित्राचे वर्णन कळवले. त्याला उत्तर म्हणून व्हिन्सेंटने एका दिवसात, एका बैठकीत एक स्थिरचित्र रंगवले आणि धाडून दिले. टेबलावर उघडलेले जाडजूड बायबल, ते वडिलांचे. शेजारी विझलेली मेणबत्ती. पुढ्यात एमिल झोलाची ‘जगण्याचा आनंद’ या अर्थाच्या नावाची, वाचून वाचून कडा झिजलेली पिवळी कादंबरी. वडील वारून सात महिने झाले होते आणि आधुनिक कादंबऱ्यांवरून बापलेकांचे खटके उडत. जाणकार या चित्रात तो सगळा हिशेब वाचतात आणि ते बरोबरच आहे. पत्रात मात्र वडिलांबद्दल शब्द नाही. तिथे आहे ते एवढेच: मोडलेला पांढरा, मागे काळा, पुढे पिवळट तपकिरी आणि त्यात लिंबासारख्या पिवळ्याचा एक ठिपका. भावाला त्याने दुःख कळवले नाही, रंग कळवले. आणि तो पिवळा ठिपका म्हणजे थिओचे म्हणणे थोडेसे मान्य झाल्याची पहिली खूण, असे मी समजतो.

पुढे १८८६ च्या आरंभी तो पॅरिसला थिओच्या घरीच जाऊन थडकला आणि मग पलीकडचा आवाज खरेच बोलू लागला. इम्प्रेशनिस्टांची चित्रे त्याने डोळ्यांनी पाहिली. माणसे बसवायला पैसे नव्हते, म्हणून त्या उन्हाळ्यात त्याने फुले रंगवली. ओळखीचे लोक त्याला फुले पाठवत. लाल अफू, निळी कॉर्नफ्लॉवर, गुलाब, शेवंती. एका इंग्रज चित्रकार मित्राला त्याने कळवले, की निळ्यासमोर नारिंगी, लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा अशा जोड्या तो शोधतो आहे. या जोड्यांबद्दल त्याने न्यूननमध्ये शार्ल ब्लाँच्या पुस्तकांत वाचले होते. आता त्या हाताखाली येत होत्या. त्याच्याकडची लाखकाम केलेली लाल पेटी आजही ॲमस्टरडॅमला आहे. तिच्यात रंगीत लोकरीचे गुंडे आहेत. दोन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून तो पाहायचा, शेजारी ठेवले की काय होते. आपल्या पैठणीच्या विणकराला हे सांगावे लागणार नाही.

भाऊ एका छताखाली राहिले त्याची किंमत थिओने मोजली. १८८७ च्या मार्चमध्ये त्याने बहिणीला लिहिले, की घरात राहणे असह्य झाले आहे, कुणी भेटायला येत नाही. तरी त्याने भावाला बाहेर काढले नाही. त्याच वर्षी व्हिन्सेंटने लिंबे, पेअर, द्राक्षे यांचे एक चित्र केले, जवळजवळ सगळेच पिवळे. चौकटही त्यानेच पिवळी रंगवली आणि चित्रावर भावाचे नाव घालून ते त्याला अर्पण केले. काळोखी म्हणून ज्याने नाक मुरडले त्याला हा पिवळा नजराणा.

१८८८ मध्ये तो दक्षिणेला आर्लला गेला. मॉव फेब्रुवारीत वारल्याची बातमी आली तेव्हा फुललेल्या पीच झाडांचे एक चित्र त्याने मॉवच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेकडे पाठवले. आणि मे महिन्यात त्याने एक स्थिरचित्र रंगवले, ज्याचा उल्लेख सूर्यफुलांच्या गर्दीत फारसा होत नाही. नव्या घरासाठी घेतलेली निळ्या एनॅमलची कॉफीची किटली, कपबश्या, दुधाचा जग, संत्री आणि लिंबे. निळ्याच्या साऱ्या छटा आणि त्यांना छेद देणारे पिवळे-नारिंगी. किटली टेबलाच्या निळ्या कापडावर ठाम उभी आहे. तिच्या तळाशी संशयाला जागा नाही. राप्पार्डला ती दाखवायला हवी होती. पण तीन वर्षांपूर्वीच ते दार बंद झाले होते.

सूर्यफुले ऑगस्टमधली. ऑक्टोबरात गोगँ राहायला आला आणि म्हणाला, की क्लोद मोनेने काढलेल्या सूर्यफुलांपेक्षा मला तुझी आवडतात. व्हिन्सेंटने ही स्तुती थिओला कळवली आणि लगेच आपले मत जोडले, की मला तसे वाटत नाही. टीका मनाला लावून घेणारा हा माणूस स्तुतीही तपासून घेत होता. वस्तू समोर न ठेवता कल्पनेतून रंगव, हा गोगँचा सल्ला त्याने प्रामाणिकपणे करून पाहिला, दोन-चार चित्रे केली आणि बाजूला ठेवला. पुन्हा तीच चाळणी. डिसेंबरच्या २३ तारखेला जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

७ जानेवारी १८८९ रोजी तो इस्पितळातून घरी आला. त्या दिवशीच्या पत्रात लिहिले आहे, की उद्यापासून काम सुरू करतो. हात पुन्हा बसावा म्हणून आधी एक-दोन स्थिरचित्रे. त्यांतले एक आज हॉलंडमधल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. या वेळी तो वस्तूंच्या अगदी जवळ बसला आहे. मॉवने मना केले होते तितका जवळ. टेबल वरून पाहिल्यासारखे, जवळजवळ उभे राहिलेले. मध्ये ताटलीत मोड आलेले कांदे. भोवती पाइप, तंबाखू, घरगुती वैद्यकाचे पुस्तक, बाटली, जळती मेणबत्ती. कडेला एक पाकीट पडले आहे. त्यावर तिकिटे आहेत, टपालाचे शिक्के आहेत, आणि पत्ता थिओच्या हातचा आहे.